घरची गाडी बनवताय तर आधी पुढची चाकं बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाडी बनवणाऱ्या पोराची बातमी वाचली. अर्ध्या पानाचा फोटो, पोरगं आपल्याच जिल्ह्यातलं, बरं वाटलं. पण बातमी परत परत वाचली तरी मला पाहिजे ती एक ओळ काय सापडली नाही. खर्च किती आला ते आहे, बॅटरी कुठली ते आहे, एका चार्जिंगला किती पळते ते आहे, घरच्यांना काय वाटलं ते आहे, पुढाऱ्यांनी शाबासकी दिली ते तर फोटोसकट आहे. पण पुढची चाकं कशावर बसवलीत, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतंय का, ब्रेकरवरनं जाताना हातात हिसका बसतोय का, ह्यातलं एक अक्षर नाही. तुमच्या एकट्याच्या पेपरचं हे नाही म्हणा, टीव्हीवाले मोबाईलवाले सगळे सारखेच. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या भावानं किक मारून सुरू होणारी जीप केली, २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला आणि त्या बदल्यात बोलेरो देऊ केली, हे पोराठोरांना पाठ आहे. पण ती गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असं महिंद्रांनी त्यातच लिहिलं होतं ते कुणाच्या ध्यानात नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे गाडीची चाकं बरोबर कोनात लावायचं काम करतो. कंपनीच्या गाड्यांवरच पोट चालतंय, पण ह्या घरगुती गाड्यापण येतात, कुणी शेतात फिरायला केलेली, कुणी पोरांच्या हौसेसाठी, कुणी रीलसाठी. आणि सगळ्या येतात कधी, तर चॅसी वेल्डिंग होऊन, रंग मारून, काचेवर नाव टाकून झाल्यावर. "काका तेवढं अलाइनमेंट मारून द्या." अहो पण मी मारणार काय? माझ्या हातात फक्त टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगकडनं चाकाला जाणाऱ्या दांडीची नट आहे, ती फिरवून टो-इन टो-आउट होतंय, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा आत-बाहेर होतात. बाकी कॅम्बर म्हणजे समोरनं बघितल्यावर चाकाचा तिरकेपणा, किंगपिनचा कल म्हणजे चाक ज्या रेघेभोवती वळतं तिचा समोरनं दिसणारा तिरकेपणा, कास्टर म्हणजे त्याच रेघेचा बाजूनं दिसणारा, हे सगळं वेल्डिंगमध्ये जाऊन बसलेलं असतंय, ते काढायचं म्हणजे ग्राइंडरच चालवायला लागतोय. कंपनीच्या गाडीला अलाइनमेंट शेवटी करतात कारण कागदावर ती आधीच झालेली असते. घरच्या गाडीला ती चॅसीला वेल्डिंगचा पहिला टॅक मारायच्या आधी करायला लागते, आणि एवढंच सांगायला हे पत्र आहे.

आपल्याकडं क्रम उलटा चालतोय. आधी चौकोनी पाइप आणून चॅसी, मग त्यात इंजिन नाहीतर मोटर, मग सीट, मग हेडलाइट, आणि मग जी जागा उरेल तिथं पुढचं सस्पेन्शन कोंबायचं. खरा क्रम टायरपासून सुरू होतो. टायर-रिम ठरली की नकल, म्हणजे ज्यावर चाक बसतं आणि वळतं तो लोखंडी तुकडा ठरतो, नकल ठरलं की रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडं सरकणारी दातेरी दांडी, रॅकच्या लांबीवरनं आर्मचे, म्हणजे नकल चॅसीला धरणाऱ्या दांड्यांचे आतले बिजागर कुठं येणार ते ठरतंय, आणि मग ते बिजागर धरून ठेवायला जे लोखंड लागतंय त्याला चॅसी म्हणायचं. बरीच पोरं चॅसीची रुंदी सीटवरनं ठरवतात आणि नंतर स्क्रॅपमधनं आणलेला रॅक बसत नाही म्हणून रडतात.

मारुती ८०० चा पुढचा भाग सगळ्यात जास्त वापरला जातो, स्वस्त आहे, हलका आहे, सोलापुरात स्क्रॅपला सहज मिळतोय, त्यामुळं त्याचंच सांगतो. ही गाडी मॅकफर्सन स्ट्रटची. म्हणजे वर आर्म नाही, नकलच्या डोक्याला दोन बोल्टनी शॉकअपची नळी, तोच स्ट्रट, धरलेली आणि ती वर बॉडीला बेअरिंगवर बसलेली. चाक वळतं ते खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा सगळीकडं फिरणारा गोळ्याचा सांधा, आणि वरचं ते बेअरिंग जोडणाऱ्या रेघेभोवती. शॉकअपच्या नळीभोवती नाही, हे नीट ध्यानात घ्या, कारण घोटाळा इथंच होतो. घरी बनवणाऱ्याला बॉनेट खाली पाहिजे असतंय, तो स्ट्रट काढून टाकतो आणि नकलच्या त्या दोन भोकांना पट्टी मारून वरचा बॉल जॉइंट लावतो, मस्त डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मची, झाली म्हणतो. पण तो बॉल जॉइंट जुन्या रेघेवर आला का? रेघेच्या बाहेर आला तर किंगपिनचा कल कमी होतो, रेघ जमिनीला टायरच्या मधोमध टेकायच्या ऐवजी लांब आत टेकते, आणि मग खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग मनगट पिरगाळतंय. त्यात वरनं रुंद रिम बाहेर काढून बसवली की बघायलाच नको. पट्टी मारायच्या आधी जुनी गाडी उभी असतानाच खालच्या बॉल जॉइंटपासनं वरच्या बेअरिंगपर्यंत लाइनदोरी ताणून नकलवर तिची खूण करून घेतली असती तर काम झालं असतं, पण स्क्रॅपवाल्याकडं पोचतो तोवर ती गाडी कापलेली असते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ८०० चा खालचा आर्म म्हणजे ए सारखा आर्म नाही, एक सरळ दांडी आहे. ती आत-बाहेर धरते, पण पुढं-मागं तिला कोण धरतंय? तो जो आडवा बार समोरनं येऊन आर्मच्या टोकात घुसतो, तोच. लोक त्याला नुसता अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारा बार समजतात आणि "आपल्या गाडीला कशाला" म्हणून भंगारातच सोडून येतात. मंगळवेढ्याकडनं आलेली एक इलेक्ट्रिक जीप मी उचलून बघितली, चाक दोन्ही हातांनी धरून पुढं ओढलं तर पुढं आलं, मागं ढकललं तर मागं गेलं, बोटभर. म्हणजे ब्रेक मारला की चाक मागं सरकणार, कास्टर बदलणार, टो बदलणार, आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखंच बदलेल ह्याची काय गॅरंटी. पोरगा सांगत होता ब्रेकला गाडी एका अंगाला ओढते म्हणून मी तीनदा ब्रेक पॅड बदलले. पॅड बिचारे नवे कोरेच होते.

त्याच जीपमध्ये अजून एक गंमत होती. मोटर मध्ये येत होती म्हणून त्यानं रॅक एक्सलच्या पुढं घेतलेला, आणि टाय रॉड जुळावा म्हणून डावं नकल उजवीकडं आणि उजवं डावीकडं फिरवून लावलं. बघायला एकदम बरोबर. शेडच्या गुळगुळीत फरशीवर पूर्ण वळवून हातानं ढकलली तर टायर किंचाळायला लागला. कारण सांगतो. वळताना आतलं चाक लहान गोलात फिरतंय म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळलं पाहिजे. किती जास्त? व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २ मीटर आणि दोन किंगपिनमधलं अंतर १.१ मीटर धरलं तर आतलं चाक ३० अंश वळताना बाहेरचं २४ च्या आतच राहिलं पाहिजे, म्हणजे सहा अंशांचा फरक, थोडा नाही तो. हे काय नवीन ज्ञान नाही ओ, घोड्याच्या बग्ग्यांसाठी म्युनिकच्या एका बग्गीवाल्यानं काढलेली युक्ती आहे, १८१८ साली लंडनमध्ये अकरमन नावाच्या माणसानं त्याच्या वतीनं पेटंट घेतलं आणि नाव अकरमनचंच लागलं. तो फरक येतो स्टिअरिंग आर्मच्या, म्हणजे नकलच्या ज्या दांडीला टाय रॉड जोडतात तिच्या तिरकेपणातनं. रॅक मागं असेल तर आर्मची टोकं आत झुकलेली पाहिजेत, किंगपिनपासनं टोकातनं रेघ काढत नेली की दोन्ही बाजूच्या रेघा साधारण मागच्या एक्सलच्या मधोमध भेटतात. रॅक पुढं असेल तर टोकं बाहेर झुकायला पाहिजेत. नकल अदलाबदल केली की टोकं पुढं येतात पण झुकलेली आतच राहतात, आणि सगळं उलटं होतं, बाहेरचं चाकच जास्त वळतंय. शेतातल्या मातीत कळत नाही, डांबरावर टायर दोन-चार महिन्यांत सोलून निघतो.

आता सस्पेन्शनच्या वरच्या-खालच्या आर्मबद्दल. वरचा आर्म लहान, खालचा मोठा, हे जुन्या प्रीमियर पद्मिनीचं पुढचं चाक काढून बघितलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. दोन्ही सारख्या लांबीचे आणि समांतर ठेवले तर चाक वरखाली होताना सरळच राहतंय, कागदावर छान दिसतं, पण वळणावर बॉडी झुकली की चाकपण तेवढंच बाहेर झुकतंय आणि टायरच्या कडेवर गाडी तरंगते. वरचा आर्म लहान आणि आतल्या बाजूला थोडा उतरता ठेवला की चाक वर येताना त्याचं डोकं आत झुकतं आणि बॉडीचं झुकणं बरंचसं भरून निघतं. पण फार लहानपण नको, नाहीतर सरळ रस्त्यावर नुसत्या खड्ड्यानं चाकं आत-बाहेर नाचतात.

हे सगळं कॉम्प्युटरवर करणारी इंजिनीअरिंगची पोरं आहेत, बाहा-सुप्रा ह्या कॉलेजच्या गाडी बनवायच्या स्पर्धांना जाणारी, त्यांना माझा सलाम. पण ज्याच्याकडं कॉम्प्युटर नाही त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं खऱ्या मापात काढावं, मी तसंच करतो. एक बाजू पुरते. मधली रेघ, टायर, नकल, दोन आर्म. मग आर्मच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, जोडाला खिळा, आणि चाकाचा पुठ्ठा ५० मिमी वर, ५० मिमी खाली सरकवून खडूनं खुणा करत जायचं. कॅम्बर किती बदलला ते डोळ्यानं दिसतंय. दोन्ही आर्मच्या रेघा लांब वाढवल्या की त्या कुठंतरी भेटतात, त्या बिंदूपासनं टायर जिथं जमिनीला टेकलाय तिथपर्यंत दोरी ताणायची, ती गाडीच्या मधल्या रेघेला जिथं कापते ते रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्याच्याभोवती झुकते तो बिंदू. हलक्या गाडीला ते जमिनीच्या थोडं वर असावं आणि चाक वरखाली केल्यावर फार पळू नये, बस. आणि टाय रॉडची रेघपण त्याच भेटीच्या बिंदूकडं गेली पाहिजे, आणि त्याचा आतला जॉइंट दोन्ही आर्मच्या आतल्या बिजागरांना जोडणाऱ्या रेघेवर आला पाहिजे. म्हणून मघाशी म्हटलं, आधी रॅक मोजा.

टाय रॉडचं हे चुकलं तर काय होतंय ते दाखवायला मी एक लेझर ठेवलाय, गड्ड्याच्या जत्रेत पोरांना घेतात तोच, किमतीला काहीच नाही. स्प्रिंग काढायची, स्टिअरिंग बांधून टाकायचं, हबला, म्हणजे चाक ज्या चकतीवर बसतं तिला पट्टी मारून लेझर गाडीच्या सरळ दिशेनं तीन मीटरवरच्या भिंतीवर मारायचा आणि जॅकनं हब सावकाश उचलायचा. लाल ठिपका सरळ वर गेला पाहिजे. त्या जीपचा ठिपका वर जाताजाता केळीच्या आकारात बाजूला गेला. तीन मीटरवर ठिपका ५२ मिमी सरकला म्हणजे चाक एक अंश वळलं, ह्यात हब स्वतः आत-बाहेर दोन-चार मिमी सरकतो तेवढा सोडून द्यायचा. म्हणजे ड्रायव्हरनं स्टिअरिंगला हात न लावता, नुसत्या ब्रेकरवर, दोन्ही चाकं आपल्या मनानं वळणार. होटगी रोडला काय किंवा विजापूर रोडला काय, ब्रेकरची आपल्याकडं कमी नाही. रॅक खाली-वर करून, खाली शिम, म्हणजे पातळ पत्रा घालून, कधी टाय रॉडचा बाहेरचा एंड वरनं खालनं लावून हे बरंचसं जातंय. पण रॅकच रुंद असला तर शिमनं जात नाही, तिथं चॅसीच कापायला लागते. तो पोरगा ठिपक्याकडं बघत बराच वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला काका हे आधी कुणी सांगितलं असतं तर.

कास्टरचं थोडक्यात. सायकलच्या हँडलची दांडी तिरकी असते, तिची रेघ जमिनीपर्यंत नेली तर चाक टेकतंय त्याच्या पुढं पडते, म्हणून चाक मागनं ओढल्यासारखं सरळ राहतं. गाडीतपण तेच, वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा थोडा मागं. साध्या स्टिअरिंगला ३ ते ५ अंश पुरे. शून्य ठेवला तर स्टिअरिंग हलकं लागतंय आणि लोक खुश होतात, पण वळणातनं ते परत येत नाही, स्पीडला गाडी भटकते. मोजायची साधी रीत अशी, चाक २० अंश एकीकडं वळवून कॅम्बर घ्या, २० अंश दुसरीकडं वळवून परत घ्या, दोन्हीतल्या फरकाला दीडनं गुणा, आला कास्टर. कॅम्बर घ्यायला ओळंबा आणि पट्टी चालते, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत साधारण ३५० मिमी अंतर असेल तर ६ मिमीचा फरक म्हणजे एक अंश. चाकाखाली ग्रीस लावून दोन फरशा एकावर एक ठेवा म्हणजे टायर अडकणार नाही.

आणि मोजायची जागा लेव्हल पाहिजे. आपल्या शहाबादी फरशीवर भरवसा ठेवू नका, गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारी चाकांची जागा बघा, कमी पडेल तिथं पत्र्याचे तुकडे घाला. गाडी रिकामी मोजू नका. ड्रायव्हरच्या जागी सिमेंटचं पोतं ठेवा, ५० किलोचं एक, पोरगं धडधाकट असेल तर दीड, कारण माणूस बसल्यावर गाडी दबते आणि सगळे आकडे बदलतात. टो शेवटी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढं एक-दोन मिमी टो-इन ठेवतात, लाइनदोरी दोन्ही बाजूनं गाडीला समांतर बांधून रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपर्यंत मोजलं तरी माझ्या मशीनच्या फार लांब जात नाही. हे लिहून मी माझंच गिऱ्हाईक कमी करतोय, असो.

लोखंडाबद्दल एकच बोलतो नाहीतर पत्र संपायचं नाही. आर्मला नळाची जीआय पाइप वापरू नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर फुफ्फुसात आणि जोडात दोन्हीकडं जातो. सीमलेस, म्हणजे बिनजोडाची पाइप घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं बघून घ्या आणि तो दोन्ही बाजूनं पट्टीत धरलेला ठेवा, एका बाजूनं लोंबकळता नको. शॉकअप आर्मच्या मधोमध लावला तर चाकाला स्प्रिंगचा कडकपणा निम्मा नव्हे, पावच मिळतो, मग गाडी बसली म्हणून पोरं अजून जाड स्प्रिंग घालतात आणि आर्म मध्येच वाकतो. शॉकअपचं खालचं टोक जेवढं बॉल जॉइंटजवळ जाईल तेवढं न्या.

कायद्याचं म्हणाल तर घरी केलेली गाडी रस्त्यावर चालवायला नोंदणी अशी सहज मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १२६ प्रमाणं गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडं तपासायला द्यावा लागतो, तो काय घरगुती माणसाच्या खिशाचा प्रकार नाही. त्यामुळं ह्या गाड्या शेतात, माळावर, स्वतःच्या जागेत. पण शेतातपण गाडीत पोरंबाळं बसतात आणि शेतातनं घरी यायचा रस्ता डांबरीच असतो, हे तुम्हाला-मला दोघांनाही माहीत आहे.

कॉलेजच्या स्पर्धेत गाडी ट्रॅकवर सोडायच्या आधी तपासनीस खाली वाकून बोल्ट न् बोल्ट बघतात. घरी बनवणाऱ्याला असा कुणी नाही. वडील खुश, मित्र खुश, गावात वट. त्याच्या गाडीकडं बाहेरून बघणारा पहिला माणूस बऱ्याचदा तुमचा बातमीदारच असतो, म्हणून साहेब तुम्हाला लिहिलं. त्यानं इंजिनीअर व्हायची गरज नाही. मोकळ्या मैदानात सावकाश गोल वळवायला सांगून हात ढिले सोडायला सांगा, स्टिअरिंग परत येतंय का बघा. दोघांना बंपरवर उभं करून गाडी दाबायला लावा आणि स्वतः समोर उकिडवं बसून चाकांकडं बघा, ती वरखाली होताना आत-बाहेर वळत असतील तर दिसतंच. स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगून आतलं चाक जास्त वळलंय का बाहेरचं ते बघा. चाक धरून पुढं-मागं हलवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेवढं छापलं तर पुढं गाडी बनवणारा निदान विचारायला तरी येईल.

आणि विचारायला यायचं तर लवकर यावं. नकल, रॅक, आर्म पोत्यात घालून आणा, चॅसी नसली तरी चालेल, नसेल तर उलट बरंच. रविवारी दुपारनंतर माझी शेड रिकामी असते, फरशीवर खडूनं काढून बघायला मी पैसे घेत नाही, फक्त पुठ्ठा घरनं आणा.

आपला,
एक अलाइनमेंटवाला वाचक
अक्कलकोट रोड, सोलापूर